पाच किलोची सवाई

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी येते तेव्हा माणसं घरात कमी आणि बांधीत जास्त असतात. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून हिरव्या-पिवळ्याच्या मध्येच असतं आणि मधल्या वाणांच्या पेंढ्या बांधायची घाई चाललेली असते. फराळ होतो तो असाच, उभ्या उभ्या. खरा सण भाऊबीजेपासून. त्या दिवसापासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दुकानं, पाळणे आणि दंडारीचे खेळ. रात्री नाटक, तेही पार उजाडेपर्यंत. नाटक पाहून आलेला माणूस तोंडावर पाणी मारतो आणि विळा घेऊन सरळ बांधीत उतरतो. पुण्यात बसून दिवाळी अंकासाठी हे लिहिताना मला थोडी लाज वाटते, कारण गेली वीस वर्षं मी तिथे पाहुणाच असतो. विळा हातात घेतला तरी मामा तो काढून घेतात.

बांधी म्हणजे धानाचं वावर, चारही बाजूंनी मातीची पाळ घातलेलं. आमच्याकडे भाताला भात म्हणायचं ते शिजल्यावर. शेतात असतं ते धान, आणि बोलीत ते पुल्लिंगी: धान निसवला, धान पडला, धान आला. पुण्यातल्या शाळेत माझं हे ‘धान आला’ खोडून ‘आलं’ केलं गेलं, तेव्हापासून मी दोन्ही वापरतो, माणूस पाहून.

दोन वर्षांपूर्वी मामांबरोबर पाळीवरून चाललो होतो. मामांची चाल अशी की पाय पाळीवर आणि डोळे बांधीत. मध्येच थांबले, एक लोंबी ओढली, तळव्यावर चोळली, फुंकर मारून फोल उडवलं आणि एक दाणा पुढच्या दातांत धरला. कट् असा आवाज आला तर धान कापायला झाला. दाणा नुसताच दबला तर अजून चार दिवस. दबला. पुढे निघालो. दहा-बारा पावलांवर मामा बांधीत उतरले आणि एक चूड मुळापासून उपटून पाळीवर फेकून दिला. तो बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होता आणि त्याची लोंबी जरा लालसर.

“भेसळ हाय,” ते म्हणाले.

मी शहरी प्रश्न विचारला. तो चांगला निघाला असता तर?

मामा हसले. “सगळेच दादाजी नसतात, बाबू.”

हा लेख त्या दादाजींविषयी आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. महाराष्ट्रातल्या फार कमी लोकांना हे नाव माहीत असेल, पण त्यांचा तांदूळ बहुतेकांच्या पोटात गेलेला आहे.

•

नांदेड म्हटलं की आपल्याला गोदावरीकाठचं शहर आठवतं. हे नांदेड वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, तळोधी बाळापूरच्या बाजारपेठेला जोडलेलं एक खेडं. जंगल गावाच्या पाठीला लागलेलं. तालुक्यात घोडाझरीचा मोठा तलाव, आणि बाकी सगळीकडे लहानमोठे तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा तुकडा मिळून जुन्या मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा-सात हजारांच्या घरात जाते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आहेत म्हणून या भागात धान आहे. मालगुजारी १९५० नंतर गेली, तलाव सरकारकडे आले, गाळही येत राहिला. पण तो वेगळा लेख आहे.

या मुलखात दादाजींचा जन्म साधारण १९३९च्या सुमाराचा. शिक्षण तिसरीपर्यंत. वडिलांची मजुरी, आणि वाट्याला आलेली जमीन दीड एकर. समाज दलित. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला, तेव्हा दादाजी सोळा-सतरा वर्षांचे असतील. ते तिथे होते की नाही हा प्रश्न इथे मोठा नाही. त्या जिल्ह्यात त्या वयाच्या मुलांना ज्या काळात ‘आपलं डोकं आपण चालवायचं’ हे ऐकू आलं, तो हा काळ, एवढंच. आणि दीड एकर म्हणजे किती, हेही एकदा नीट पाहून घेऊ. पाऊस बरा झाला तर दीड एकरात पाचसहा माणसांच्या घराचं वर्षाचं खाणं निघतं, वर थोडं विकायला. पाऊस रुसला तर खाणंही निघत नाही. मग रोवणीला आणि कापणीला दुसऱ्याच्या बांधीत जायचं. अशा माणसाने प्रयोग करणं म्हणजे ताटातला घास बाजूला काढून ठेवणं.

त्यांनी तो काढून ठेवला.

•

१९८३चा हंगाम. बांधीत पटेल-३ नावाचा वाण होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेला, त्या वेळी आमच्या भागात चांगलाच चाललेला. त्या उभ्या पिकात दादाजींना मोजक्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यावर पिवळसर झाक, दाणा बारीक. माझे मामा जे करतात, म्हणजे उपटून पाळीवर फेकतात, तेच शंभरातले नव्याण्णव करतात, आणि ते चूकही नाही; बी शुद्ध ठेवायचं तर भेसळ काढावीच लागते. दादाजींनी त्या लोंब्या खुडल्या आणि वेगळ्या ठेवल्या.

इथे धानाची एक खोड सांगायला हवी. धानाचं फूल सकाळी उन्हं चढल्यावर तास-दोन तास उघडतं. तोवर त्याचा परागकण त्याच्याच स्त्रीकेसरावर पडून मोकळा झालेला असतो. म्हणजे धान स्वतःच्याच घरात लग्न लावतं. शेजारच्या झाडाचा पराग येऊन संकर व्हायचं प्रमाण फारच थोडं. त्यामुळे धानाचं बी वर्षानुवर्षं तसंच राहतं, शेतकरी घरचं बी घरीच धरू शकतो. पण कधीतरी, हजारो झाडांत एखादं, वेगळं निघतंच. कधी निसर्गातला अचानक झालेला बदल, कधी कुठून आलेला पराग, कधी नुसता खळ्यावर मिसळलेला परका दाणा. हे वेगळं झाड प्रत्येकाच्या बांधीत कधी ना कधी येतं. त्याच्याकडे पाहणारा माणूस मात्र प्रत्येक बांधीत नसतो.

पुढच्या वर्षी दादाजींनी ते दाणे लावले. कुठे? बांधीच्या कडेला नाही, मधोमध. कारण जंगल जवळ. रानडुकरं आधी कडेनं आत शिरतात आणि एका रात्रीत बांधीचं डबकं करतात. मधोमध लावलेल्या त्या चार रोपांभोवती काट्यांचं कुंपण घातलं. मला या सगळ्या गोष्टीतली ही गोष्ट सगळ्यात आवडते. मोठ्या पिकाला राखण नाही, आणि चार रोपांना काट्यांचा वाडा. एखाद्या घरात नातवाला जसा पाळणा बांधतात तसा.

इथून पुढची पाच वर्षं, म्हणजे १९८८पर्यंत, त्यांनी ते बी वाढवत नेलं. शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, एवढा वेळ का? एका लोंबीत शे-दीडशे दाणे असतात. एका दाण्याच्या चुडाला पाचसात लोंब्या येतात. हिशेब केला तर दोनतीन हंगामांत पोतं भरायला हवं. हिशेब बरोबर आहे, पण धान कागदावर पिकत नाही. एका वर्षाच्या पिकावर कोणी विश्वास ठेवत नाही. पाऊस उशिरा आला तर पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची रोपं, किती दिवस थांबतात, करपा आला तर काय होतं, तुडतुडा लागला तर किती जळतो, वाऱ्याने पडतो का, कापायच्या वेळी दाणा झडतो का, आणि शेवटी शिजवल्यावर भात कसा होतो, हे सगळं पाहायला चार पावसाळे लागतात. शिवाय त्यात दर वर्षी वेगळं दिसणारं काढत जायचं, सारखं दिसणारं ठेवत जायचं. शास्त्रात याला निवड पद्धत म्हणतात. तिसरी शिकलेल्या माणसाने ती पुस्तकात वाचली असण्याचा प्रश्न नव्हता. ती डोळ्यांत होती.

उत्तर शेवटी चुलीवरच मिळालं. भात पटेल-३पेक्षा सरस, दाणा बारीक, मऊ आणि खायला चवदार. उत्पन्नही चांगलं. नाव मात्र नव्हतं.

•

नावाची गोष्ट मजेची आहे. १९९०च्या सुमारास गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याने दादाजींकडून हे बी घेतलं, जास्त जमिनीवर लावलं आणि माल तळोधीच्या बाजारात नेला. व्यापाऱ्याला माल आवडला. पावतीवर नाव लिहायचं तर वाणाला नाव हवं. त्या काळात एचएमटीचं घड्याळ म्हणजे चांगल्या वस्तूचं दुसरं नाव. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ला घड्याळं बनवायला सुरुवात केली होती, आणि तीस वर्षांत ती जावयाच्या मनगटापासून शाळामास्तरांच्या मनगटापर्यंत पोचली होती. लग्नात सासऱ्याने ‘एचएमटी दिली’ की त्या लग्नाची चर्चा बरी व्हायची. व्यापाऱ्यांनी तांदळाला तेच नाव दिलं. एचएमटी.

नाव चिकटलं, आणि ज्याच्या बांधीत ते वाढलं तो नावातून बाहेर राहिला. त्यात कुणाचं कपट नव्हतं, बाजार असाच चालतो.

पाहता पाहता एचएमटी नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा असं करत पूर्व विदर्भात पसरला. तिथून छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. आज पुण्यात माझ्या घराखालच्या दुकानात पिशव्यांवर ‘एचएमटी कोलम’ असं छापलेलं असतं. दुकानदाराला मी एकदा विचारलं, हे एचएमटी कशावरून? तो म्हणाला, कंपनीचं नाव असेल.

आमच्या घरी एचएमटी रोज शिजत नसे. बारीक धान विकायचं आणि जाडं खायचं ही धान पिकवणाऱ्यांची जुनी रीत. बारीक तांदूळ राखून ठेवायचा तो पाहुण्यांसाठी, पोरींच्या लग्नासाठी. आई डब्यातून तो काढायला लागली की आम्हाला कळायचं, आज कोणीतरी येणार. माझ्या लहानपणी मला वाटायचं की एचएमटी ही पाहुण्यांची जात आहे.

•

हा वाण एवढा पसरला कसा, तर जाहिरातीशिवाय. त्यामागे गावाकडची एक पद्धत आहे, आणि ती समजल्याशिवाय दादाजींचं मोठेपणही समजत नाही, त्यांच्यावर झालेला अन्यायही कळत नाही.

गावात बी मागणं यात कमीपणा नाही. कुणाच्या बांधीत धान चांगला दिसला की कापणीच्या वेळीच सांगून ठेवतात, मले दोन पायल्या ठेवजो. देणारा देतो. पैसे बहुधा घेत नाही. पुढच्या हंगामात घेणारा ते परत करतो, सवाईने किंवा दीडीने. म्हणजे चार पायल्या नेल्या तर पाच, नाहीतर सहा. जवळचं नातं असेल तर नेलं तेवढंच. पीक बुडालं तर पुढच्या वर्षी. पण कुणाकडून बी आणलं हे विसरत नाहीत. ‘हा कोनाचा धान?’ या प्रश्नाला उत्तर असतं. अमक्याच्या घरचा. परतफेड दाण्यात होते आणि या उत्तरातही होते.

दादाजींनी आपलं बी असंच दिलं. मागितलं त्याला. पेटी लावून, दर ठरवून बसले असते तर कदाचित त्यांच्या घराचं कौलारू छप्पर लवकर बदललं असतं. पण मग एचएमटी तालुक्याबाहेर गेला असता का, हीच शंका आहे. लहान शेतकरी महागडं अनोळखी बी घेत नाही. शेजाऱ्याच्या बांधीत डोळ्यांनी पाहिलेलं, उसनं मिळालेलं बी मात्र घेतो.

१९९४ला याच पद्धतीने आणखी कोणीतरी बी नेलं. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रातून, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून, प्रयोगासाठी म्हणून पाच किलो. चार वर्षांनी, १९९८ला, विद्यापीठाने एक वाण प्रसारित केला: पीकेव्ही एचएमटी. 

विद्यापीठाची बाजू अशी की शेतकऱ्यांकडे असलेलं बी मिश्र होतं. आम्ही त्यातून निवड पद्धतीने शुद्ध वाण वेगळा केला, चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठे तो प्रसारित झाला. हे म्हणणं एकदम उडवून लावण्यासारखं नाही. शुद्ध करणं, वेगवेगळ्या ठिकाणी पाहणं, प्रमाणित बी पुरवणं, या कामाला मोल आहे, आणि ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. नावातलं ‘एचएमटी’ही त्यांनी ठेवलं. पण तो एचएमटी ज्याच्या बांधीत पिवळसर लोंबीतून निघाला, ज्याने त्याला काट्यांचं कुंपण घातलं, त्याचं नाव कुठे? दादाजी पुढची वीस वर्षं हेच विचारत राहिले. त्यांच्या तक्रारीत मला पैशाचा सूर कमी ऐकू येतो आणि ‘हा कोनाचा धान?’ या प्रश्नाचा जास्त.

गावच्या हिशेबाने पाच किलोची सवाई सव्वासहा किलो होते. दीडीने साडेसात. एवढंच देणं होतं, आणि सोबत एक ओळ.

•

याच वर्षांत घरात काय चाललं होतं ते फार थोड्यांना माहीत आहे. मुलाच्या आजारपणात दादाजींना जमीन विकावी लागली. ज्याच्या वाणावर चार राज्यांतले शेतकरी धान पिकवत होते, त्याच्या स्वतःच्या नावावर बांधी उरली नाही. यात दादाजींनी क्षणभर तरी विचार केला असेल का की आधी प्रयोग, मग मुलगा? मला नाही वाटत. आमच्याकडे जमीन हा जीव आहे असं म्हणतात खरं, पण घरातलं माणूस खाटेवर पडलं की ती विकली जाते, आणि कुणी त्याला त्याग म्हणत नाही. म्हणायला वेळही नसतो.

मग एका नातेवाइकाने दीड एकर जमीन कसायला दिली. पुन्हा दीड एकर. आणि याच दुसऱ्याच्या जमिनीवर दादाजींनी पुढचं काम केलं. एचएमटी काही एकुलता एक नाही. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, दीपकरत्न, काटे एचएमटी, डीआरके, डीआरके-२. ही यादी मी एकदा सलग वाचली तेव्हा लक्षात आलं की व्यापाऱ्यांनी नाव ठेवलं ते घड्याळाचं, आणि दादाजींना स्वतः ठेवायला मिळालं तेव्हा चारदा त्यांनी गावाचं नाव ठेवलं. नांदेड, नांदेड, नांदेड, नांदेड. स्वतःचं नाव आलं ते डीआरकेत, तेही आद्याक्षरांत दडवून. दादाजी रामाजी खोब्रागडे.

एका आयुष्यात आठ-नऊ वाण. सुसज्ज संशोधन केंद्रात निवृत्तीपर्यंत दोन-तीन वाण नावावर लागले तरी निरोप समारंभात त्याची भाषणं होतात.

•

मानसन्मान उशिरा आले, पण आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचं काम नोंदवलं आणि २००५ला राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाचा कृषिभूषण पुरस्कार, सोबत सुवर्णपदक. २०१०ला ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी नवप्रवर्तकांची यादी छापली, त्यात दादाजी. त्या वेळी मी पुण्यातल्या एका कचेरीत होतो आणि सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत होतो की हे आमच्या भागातले. त्यांनी विचारलं, मग आता त्यांची परिस्थिती चांगली असेल ना? 

परिस्थिती अशी होती की अडचणीच्या काळात घरातलं ते सुवर्णपदक सोनाराकडे गेलं, आणि सोनं शुद्ध नसल्याचं तिथे कळलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, थोडी खळबळ झाली. धानाच्या चार लाख चुडांत एक वेगळा चूड ओळखणाऱ्या माणसाच्या हातात सरकारने भेसळ ठेवली होती. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

शेवटच्या दिवसांत पक्षाघात झाला. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात उपचार चालू होते. ३ जून २०१८, रविवारी, तिथेच ते गेले. रोहिणी सरून मृग लागायच्या बेतात होतं. म्हणजे पऱ्हे टाकायचे दिवस. त्याच महिन्यात राहुल गांधी नांदेडला येऊन कुटुंबाला भेटून गेले, दोन दिवस कॅमेरे होते, मग रोवणी सुरू झाली.

घड्याळाचं काय झालं? केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय जानेवारी २०१६मध्ये घेतला. आता ती घड्याळं जुन्या वस्तूंचे शौकीन शोधत फिरतात. नाव उसनं दिलेली कंपनी थांबली, आणि उसन्या नावाचा तांदूळ दर पावसाळ्यात नव्याने रोवला जातो.

•

अशा माणसांसाठी आपल्याकडे कायदा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. जगात फार थोड्या देशांनी असा कायदा केला की ज्यात वाण तयार करणारी कंपनी आणि वाण जपणारा शेतकरी दोघेही हक्कदार आहेत. शेतकरी स्वतःचा वाण स्वतःच्या नावाने नोंदवू शकतो. धानासारख्या पिकाला पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. आणि कलम ३९ स्पष्ट म्हणतं की नोंदवलेल्या वाणाचंही बी शेतकऱ्याने घरी धरावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, अदलाबदल करावी, विकावंही. फक्त पिशवीत भरून, त्यावर संरक्षित वाणाचं नाव छापून विकू नये. म्हणजे सवाई-दीडीची आमची जुनी पद्धत देशाच्या कायद्यात बसली. हे छान आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कायदा २००१चा, त्याचं प्राधिकरण दिल्लीत उभं राहिलं २००५ला. तोवर एचएमटी घराघरांत पोचून पंधरा वर्षं होत आली होती. दोन, नोंदणीसाठी वाण इतरांपेक्षा वेगळा, सगळीकडे सारखा आणि वर्षानुवर्षं तसाच राहणारा आहे, हे दाखवावं लागतं. झाडाची उंची, पानाचा रंग, कुसळ आहे की नाही, दाण्याची लांबी-रुंदी, असं पानंच्या पानं भरायचं. तिसरी शिकलेला शेतकरी हे एकटा करू शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी त्याच्या शेजारी बसून हे भरून देणारा माणूस पाहिजे. कृषी सहायक आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, विद्यापीठं आहेत. हे काम त्यांच्या नेमणुकीत लिहिलं तर होईल. दर हंगामात, कापणीच्या आधी, फक्त एवढं विचारायचं की तुमच्या बांधीत यंदा काही वेगळं दिसलं का? आणि दिसलं असेल तर वहीत आधी शेतकऱ्याचं नाव लिहायचं, मग बी उचलायचं.

पाळीवरच्या त्या फेरीच्या दिवशीच मामांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा ते पेंढ्या बांधत होते. तणसाची दोरी वळता वळता ऐकत राहिले. एवढंच म्हणाले, “त्यायनं बी दिलं ना, मंग नाव घ्या ना. नाव घ्याले काय पैसे लागतेत?”

नंतर ते पाळीवर गेले, मघाशी उपटून फेकलेला तो लालसर चूड उचलला, उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं आता काही घडणार. त्यांनी तो बैलापुढे टाकला.

यंदा मामांनी एक एकरात एचएमटी लावला आहे. त्यांचं घरचं बी गेल्या साली पावसात भिजलं, म्हणून शेजारच्या काकूंकडून आठ पायल्या आणलं. परवा फोनवर म्हणाले, धान बरा आहे, मंडईपर्यंत कापून होईल. काकूंना दहा पायल्या परत करायच्या आहेत.